रात्री एक-दीड तास मिळतो, लेकरू कधीही उठतं... अशा माणसाने एमएमओ खेळावा का?

मध्यरात्र_नाशिक

मंडळी नमस्कार, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, थोडं लांबेल तर सांभाळून घ्या.

मी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक खेळतो, हा एमएमओ, म्हणजे हजारो जण एकाच जगात ऑनलाइन खेळतात तसला गेम. सव्वा वर्ष झालं. नोकरी आहे, मुलगी दोन वर्षांची आहे, त्यामुळे जेवणं आवरून ती झोपली की साडेदहा ते बारा एवढाच माझा वेळ, आणि तोही पक्का नाही. इथे आपल्याकडे सर्व्हर नाही म्हणून युरोपच्या सर्व्हरवर आहे. प्रीस्ट घेतलाय, हीलर. मारामारीपेक्षा दुसऱ्याला जिवंत ठेवायला जास्त आवडतं म्हणून.

लेव्हल ६० पर्यंतचा प्रवास मला एवढा आवडला की काय सांगू. एल्विनच्या जंगलात हॉगर नावाच्या राक्षसाने तीनदा लोळवलं, मग कोणीतरी न ओळखणारा वाटेने जाता जाता थांबला आणि आम्ही दोघांनी मिळून त्याला पाडला, एक शब्द न बोलता. सगळ्यात लक्षात राहिलेली गोष्ट डेडमाइन्सची. तो डंजन, म्हणजे शत्रूंनी भरलेली गुहा, पाच जणांचा, नवख्या पार्टीला दीड तास कुठेच जात नाही. आम्ही शेवटच्या गलबतावर पोचलो होतो, वर तिथला शेवटचा बॉस व्हॅनक्लीफ उभा, आणि आतल्या खोलीत मुलगी रडायला लागली. मी घाईघाईत "बेबी क्राइंग सॉरी" एवढं टाइप केलं आणि उठलो. तिला थोपटून, पाणी पाजून परत यायला बारा-तेरा मिनिटं गेली. मला वाटलं पार्टी फुटली असणार, दुसरा हीलर घेतला असणार. येऊन बघतो तर चौघं जण गलबताच्या फळ्यांवर गोल करून बसलेत, मांडी घालून ब्रेड खातायत. टँक, म्हणजे पुढे राहून मार झेलणारा, ड्वॉर्फ वॉरियर होता. त्याने विचारलं, झोपली का? माझा चार वर्षांचा आहे, सावकाश ये. मग आम्ही व्हॅनक्लीफ मारला. लूटमधे मला काहीच मिळालं नाही आणि तरी त्या रात्री मी खूप खूश होऊन झोपलो.

आता अडचण. ६० झाल्यावर एका गिल्डमधे, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या गटात, गेलो. ते मोल्टन कोअरची रेड करतात, म्हणजे मोठ्या डंजनची मोहीम, तिला चाळीस जण लागतात. त्यांची रेड त्यांच्या रात्री आठला, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे साडेबारा, उन्हाळ्यात त्यांची घड्याळं एक तास पुढे जातात तेव्हा साडेअकरा. आणि संपता संपता तीन. मी तीन आठवडे ओढलं. चौथ्या आठवड्यात मुलीला ताप होता, जमलं नाही, कळवायचंही राहिलं. दुसऱ्या दिवशी रोस्टरमधून नाव काढलेलं. कोणी काही बोललं नाही, नुसतं नाव नाही. मला त्याचं इतकं वाईट वाटलं की ऑफिसात लक्ष लागेना, बायकोने विचारलं काय झालं तर तिला काय सांगणार.

तर प्रश्न असा. ज्याला रोजचा वेळ स्वतःच्या हातात नाही त्याने असे गेम खेळूच नयेत का? एकट्याने खेळायचे गेम आहेत की ढीगभर, पण मला ती गलबतावर बसलेली चार माणसं हवी आहेत. तुम्ही लोक कसं जमवता? दुसरा कुठला गेम बघू का?

---

ठाणे_वेस्ट

पहिलं म्हणजे मुलगी बरी आहे ना आता?

दुसरं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते "किती वेळ आहे" यात नाहीये, "तू नसताना गेम काय करतो" यात आहे. हे मला कळायला फार वर्षं लागली. क्लासिकमधेच बघ. तू सरायीत जाऊन लॉगआउट केलंस की दर आठ तासांनी एका लेव्हलच्या ५ टक्के एवढा आराम साठतो, जास्तीत जास्त दीड लेव्हलचा. परत आलास की एक्स्पीची (अनुभवाच्या गुणांची) पट्टी जांभळ्याची निळी झालेली असते आणि काहीही मारलं की दुप्पट एक्स्पी. म्हणजे ६० पर्यंत तो गेम तुला सांगत असतो की बाबा जा, घरचं बघ, मी तुझं ठेवलंय बाजूला. आणि ज्या दिवशी तू ६० होतोस त्या दिवशी ती पट्टीच जाते. त्यानंतर तुझी गैरहजेरी मोजली जाते, आधी तिचे पैसे मिळत होते. गेम तोच आहे पण तुझ्यासाठी तो उलटा झाला. तुला जे वाईट वाटतंय ते त्याचं आहे, तुझ्या काही कमतरतेचं नाही.

मी गिल्ड वॉर्स २ खेळतो, अधूनमधून सोडून का होईना पण २०१२ ला आला तेव्हापासून. त्यात महिन्याची फी नाही, एकदा घेतला की घेतला, आणि मूळ गेम तर २०१५ पासून फुकट आहे. पण माझ्यासाठी मोठी गोष्ट ही की लेव्हलची मर्यादा पहिल्या दिवशी ८० होती आणि आजही ८० च आहे. इतके एक्स्पान्शन (गेमचे नवीन भाग) आले, आकडा हलला नाही. मी मधे सलग दोन वर्षं खेळलो नव्हतो, वडिलांचं आजारपण होतं. परत आलो तर माझं चिलखत, माझी कुऱ्हाड, सगळं जसंच्या तसं चालत होतं. कोणी माझ्या पुढे निघून गेलेलं नव्हतं. त्या दिवसांत मला ते फार मोठं वाटलं.

आणि माणसं. क्वीन्सडेलच्या दलदलीत शॅडो बेहेमोथ नावाचा बॉस आहे, दर दोन तासांनी ठरल्या वेळी येतो. पार्टी बनवायची गरज नाही, कोणाला विचारायची गरज नाही, जाऊन उभं राहायचं. पन्नास-साठ जण जमतात, जो मारायला हात लावेल त्याला त्याची त्याची वेगळी लूट, एकाला मिळालं म्हणून दुसऱ्याचं जात नाही. पडलेल्या माणसाला उठवलं तर उलट एक्स्पी मिळतो, त्यामुळे अनोळखी लोक धावत येऊन उठवतात. पंधरा मिनिटांत सगळं आटपतं. मधेच उठलास तरी कोणाचं अडत नाही.

पण खरं सांगायचं तर गलबतावरची गोष्ट तिथे घडणार नाही. पन्नास जणांत तुझी कोणी वाट बघत नाही. तेही तितकंच खरं.

---

शेवंड

वरच्या पोस्टला माझा पूर्ण पाठिंबा पण मी थोडं जुनं सांगतो.

कोल्हापुरात आमच्या कॉलेजजवळ एक कॅफे होता, २००६-०७ ची गोष्ट, तासाला वीस रुपये. तिथल्या मशीनवर कुठलाही मोठा गेम चालायचा नाही पण रूनस्केप ब्राउझरमधे चालायचा, जावावर, इन्स्टॉल काही नाही. आम्ही पाच-सहा जण होतो. लंब्रिजच्या गाई मारायच्या, चामडी गोळा करायची, व्हॅरॉकच्या बँकेत उभं राहून ओरडून विकायची. घाई कुणालाच नव्हती कारण पैसेच तासाभराचे असायचे. तास संपला की मालक मागून हाक मारायचा आणि जिथे असशील तिथे लॉगआउट. म्हणजे आम्ही सगळे जबरदस्तीने कॅज्युअलच होतो. आणि मला वाटतं म्हणूनच इतकं गोड आठवतं.

माझा जीव शेवंडीत. फिशिंग ४० झालं की शेवंड पकडता येते. पोर्ट सॅरिमच्या धक्क्यावरून ३० नाणी देऊन बोटीने कारामजाला जायचं. पिशवीत एकूण २८ खण, एकात पिंजरा, एकात परतीच्या भाड्याची नाणी, उरलेल्या २६ मधे शेवंडी भरायच्या आणि परत. त्या धक्क्याजवळ बँक नाही म्हणून प्रत्येक फेरीला बोट. आम्ही तिथे धक्क्यावर पिंजरे टाकून गप्पा मारत बसायचो. समोर अमेरिकेतला कोणी, फिनलंडचा कोणी. एका फिनिश मुलाने मला विचारलेलं की तुमच्याकडे खरा समुद्र आहे का. मी त्याला मालवणबद्दल माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत अर्धा तास सांगितलं, तास संपेपर्यंत. माझं इंग्रजी तिथे सुटलं, हे मी इंटरव्ह्यूत पण सांगितलंय.

फसलोही. एकाने सांगितलं तुझ्या चिलखताला फुकटात सोनेरी किनार लावून देतो, दे इकडे. दिलं. तो गेला. दोन महिन्यांची कमाई होती. त्या दिवशी कॅफेतून बाहेर पडलो तर रडायलाच आलं होतं. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्याच एका मित्राने त्याचा जुना सेट काढून मला दिला, आजही तो माझा जवळचा मित्र आहे.

आता मी ओल्ड स्कूल रूनस्केप खेळतो. कंपनीने ऑगस्ट २००७ च्या बॅकअपवरून तो जुना गेम फेब्रुवारी २०१३ मधे परत उभा केला, लोकांनी मतं दिली म्हणून, आणि अजूनही नवीन काही टाकायचं तर आधी खेळाडूंचं मतदान घेतात. २०१८ च्या ऑक्टोबरपासून मोबाइलवर पण आहे, तोच अकाउंट तेच जग. मी पुणे-मुंबई ट्रेनने जातो आठवड्यातून दोनदा, लोणावळ्याच्या बोगद्यांमधे नेट जातं तेव्हा कॅरेक्टर नुसतं धक्क्यावर उभं राहतं, काही बिघडत नाही.

ग्राइंड, म्हणजे तेच तेच करत राहणं, भयंकर आहे हे आधीच सांगतो. एका स्किलला ९९ करायला १,३०,३४,४३१ एक्स्पी लागतो आणि ९२ ला पोचलास की बरोब्बर अर्ध्यावर असतोस. पण कुठलीच मुदत नाही ना. मला फिशिंग ९९ करायला चार वर्षं लागली, नोकरी बदलली, लग्न झालं, मासे चालूच. ज्या रात्री ९९ झालं त्या रात्री आजूबाजूला उभे असलेले पाच-सहा अनोळखी लोक लगेच ग्रॅट्झ ग्रॅट्झ करायला लागले. बायको शेजारी झोपली होती, तिला उठवून दाखवलं.

---

म्युनिककर

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, म्हणजे रेड लीड करणारा, तेव्हा माझंही ऐकून घ्या. तुमचं गिल्ड वेगळं असेल पण काम तेच.

चाळीस जण गोळा करणं म्हणजे काय ते बाहेरून दिसत नाही. चाळिसातले आठ-दहा हीलर. मोल्टन कोअरचा पहिलाच बॉस लुसिफ्रॉन घ्या. तो सगळ्यांवर एक जादू टाकतो, दहा सेकंदांत काढली नाही तर २००० डॅमेज. ती काढायची कोणी, मुख्यतः प्रीस्टने. म्हणजे एक प्रीस्ट न सांगता आला नाही की पाच-सहा लोक पहिल्या दहा मिनिटांत मरतात. मग बाकीचे एकोणचाळीस जण, ज्यांच्यातही कोणी मुलं झोपवून आलेत, कोणी दुसऱ्या दिवशी पहाटे शिफ्टला जाणार आहेत, ते परत पळत येतात आणि अर्धा तास जातो. लीडर काय करणार, पुढच्या आठवड्यासाठी ज्याचा भरवसा आहे त्याचं नाव लिहिणार. राग नसतो त्यात.

पण नाव काढताना दोन ओळी लिहायला हव्या होत्या, तिथे ते चुकले असं मला स्पष्ट वाटतं. मी स्वतः पूर्वी असं केलंय आणि एक फार चांगली हंटर मुलगी त्यामुळे गिल्ड सोडून गेली, नंतर दुसऱ्याकडून कळलं की तिच्या घरी कोणी वारलं होतं. तेव्हापासून मी आधी विचारतो.

तुम्हाला सल्ला असा की लीडरला एक मेसेज टाका. माफी नको, नुसतं खरं काय ते. मुलगी लहान आहे, मी आठवड्याला पक्का येईन असं सांगू शकत नाही, पण माणूस कमी पडला आणि मी जागा असेन तर येतो. बहुतेक गिल्डमधे सोशल म्हणून एक रँक असते, त्यांनी रेड करायची नसते, पण गप्पा, छोटे डंजन, मटेरियल देणंघेणं सगळं चालतं. आमच्याकडे अशी पंधरा-वीस माणसं आहेत आणि खरं गिल्ड तेच चालवतात. रेडवाले येतात बुधवारी आणि जातात.

आणि वेळेचं म्हणाल तर इथे रात्रीचे आठ म्हणजे घरी आईबाबांची मध्यरात्र, हे गणित मी रोज करतो. तुम्ही रोज तीनला झोपून सकाळी कामावर जाणार असाल तर कुठल्याच रेडची तेवढी किंमत नाही. सहा महिने मी ते केलंय, गाडी चालवताना डोळा लागला होता एकदा. कृपा करून ते करू नका.

---

अबोली०७

नागपूरहून. मी पण हीलर, फायनल फँटसी १४ मधे व्हाइट मेज, मुलगा साडेतीन वर्षांचा, तेव्हा तुमची पोस्ट वाचून अगदी जवळची वाटली.

तुम्ही हा एकदा फुकटात बघाच. फ्री ट्रायल लेव्हल ७० पर्यंत आहे, वेळेचं बंधन नाही, मूळ गेम आणि दोन एक्स्पान्शन त्यात येतात, शेकडो तास जातात माणसाचे. मर्यादा आहेत, ३ लाखांच्या वर गिल (तिथले पैसे) ठेवता येत नाही, बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही, गिल्डमधे जाता येत नाही. गिल्डमधे जाता येत नाही हे मला पहिल्या वर्षी फार बरं पडलं, कोणाला हो म्हणायचा प्रश्नच नव्हता.

पण मुख्य गोष्ट सांगायची ती ही. यात कथेचे जे डंजन आहेत ते तुम्ही माणसांबरोबर करू शकता किंवा गेमचेच तीन सोबती घेऊन करू शकता. सस्ताशा म्हणून पहिला डंजन आहे, लेव्हल १५ ला. मी तो सोबत्यांबरोबर केला कारण मुलाला तेव्हा दात येत होते. एक घोळका मारून झाला की ते तिघं तुमच्यासाठी थांबून राहतात, तुम्ही पुढे पाऊल टाकल्याशिवाय हलत नाहीत. मी मधे उठून दूध गरम केलं, पाजलं, खांद्यावर झोपवलं, परत येऊन एका हाताने पुढे खेळले. ज्या दिवशी घर शांत असेल त्या दिवशी रूलेट लावते, अनोळखी तीन जण मिळतात, वीस-पंचवीस मिनिटांत डंजन होतो. नवीन माणसाच्या नावापुढे हिरव्या कोंबाचं चिन्ह दिसतं, त्यामुळे चुकलात तर लोक समजून घेतात, सांगतात. शेवटी कोणा एकाला शाबासकी देता येते. मला पहिल्यांदा तिघांनी तिघांची शाबासकी दिली होती, तो स्क्रीनशॉट अजून आहे माझ्याकडे.

अजून एक. याचा प्रमुख नाओकी योशिदा, हा माणूस स्वतः जाहीरपणे सांगत आलाय की सगळं करून झालं तर सबस्क्रिप्शन बंद करा, दुसरे गेम खेळा, नवीन पॅच आला की परत या. मी तसंच करते, वर्षातून चार-पाच महिने भरते.

माइकबद्दल पण लिहिते कारण बायका वाचत असतील तर उपयोगी पडेल. आधीच्या एका गेममधे रेडला व्हॉइस सक्तीचा होता, आवाज ऐकला की दोन-तीन जणांचं बोलणंच बदलायचं, नको ते प्रश्न सुरू. इथे बहुतेक सगळं टाइप करून चालतं, मला चार वर्षांत कोणी माइक मागितला नाही. आणि मुलगा झोपलेला असताना माइकवर बोलायचं तरी कसं.

ठाणे_वेस्ट दादा म्हणतात ते पटलं मला. आपण नसताना गेम काय करतो हे बघायचं.

---

मध्यरात्र_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस उत्तर द्यायला जमलं नाही. मुलगी एकदम बरी आहे, कालपासून जिने चढायचा नाद लागलाय.

म्युनिककर दादा, तुम्ही लुसिफ्रॉनचं सांगितलंत ते वाचून मला त्या रात्री तिकडे काय झालं असेल ते पहिल्यांदा दिसलं. मी माझ्याच बाजूने बघत होतो. मेसेज टाकला लीडरला, तुम्ही म्हणालात तसा, माफी न मागता सरळ. त्याचं दहा मिनिटांत उत्तर आलं, मुलगी कशी आहे विचारलं, आणि सोशल रँक दिली. त्यालाही जुळी आहेत, मला माहीतच नव्हतं. तीन आठवडे एका माणसाबरोबर खेळलो आणि हे माहीत नव्हतं.

अबोली ताई, फ्री ट्रायल डाउनलोडला लावलीय, आमच्या नेटला अजून दोन रात्री लागतील. शेवंड भाऊ, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली, ती आता म्हणतेय मोबाइलवर ते मासे पकडायचं मला पण लावून दे.

आणि एक गोष्ट झाली. तो डेडमाइन्सचा ड्वॉर्फ मी तेव्हा फ्रेंड लिस्टमधे घेतला होता पण वर्षभरात चार वेळा तरी बोललो असेन की नाही. परवा तो ऑनलाइन दिसला म्हणून हाय केलं, हे सगळं सांगितलं. तो पोलंडचा आहे. त्याचा मुलगा आता पाच वर्षांचा आणि रोज सहाला उठतो, मग हा पण उठतो, मुलगा कार्टून बघतो आणि याला एक तास मिळतो. हिवाळ्यात त्यांचे साडेसहा म्हणजे आपले अकरा. रविवारी अकराला माझी मुलगी आजीकडे असते.

तर आम्ही दोघांनी नवीन कॅरेक्टर काढायचं ठरवलंय, तो परत ड्वॉर्फ आणि मी परत प्रीस्ट, लेव्हल १ पासून, फक्त रविवारी एक तास, एकट्याने पुढे जायचं नाही. उरलेले सहा दिवस दोघं सरायीत. ठाणे_वेस्ट, तुमच्या हिशोबाने आठ तासाला ५ टक्के म्हणजे आठवड्याला एका लेव्हलच्या वर आराम साठतो, म्हणजे आमची पट्टी कायम निळीच राहणार. त्याला हे सांगितलं तर म्हणाला मग ६० ला पोचेपर्यंत मुलं आपल्याबरोबर खेळायला लागतील.

पहिला रविवार उद्या. त्याने सांगून ठेवलंय की साडेसहाला पोरगा दूध मागतो, तेव्हा पाच मिनिटं उशीर होईल, थांब. मी म्हटलं थांबतो.